रात्री बाराचा आकडा

सत्तरच्या दशकातलं गिरणगाव. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी. रात्रीचे नऊ वाजून गेले की चाळीच्या जिन्याखाली, पानाच्या ठेल्यापाशी, इराण्याच्या हॉटेलाच्या दारात एकच प्रश्न कानावर यायचा : ‘‘काय आला?’’ विचारणाऱ्याला मटक्याचा ओपन, म्हणजे रात्रीचा पहिला आकडा, हवा असायचा. क्लोज, म्हणजे दुसरा, यायचा रात्री बाराला. कापड गिरण्यांची दुसरी पाळीही बारालाच सुटायची. भोंगा झाला, कामगार फाटकाबाहेर आला, कपड्यावरचा कापूस झटकला, की पहिला प्रश्न तोच. आकडा लागलेला असला तर तो खिशातून एक चिठ्ठी काढायचा आणि बुकीच्या माणसाला शोधत निघायचा.

ही चिठ्ठी नीट पाहण्यासारखी आहे. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी. तिच्यावर लावलेला आकडा, त्याच्यापुढे रक्कम आणि लिहून घेणाऱ्याची काहीतरी खूण, एखादी रेघ, एखादं अक्षर. नाव नाही, पत्ता नाही, शिक्का नाही. पावसात भिजली की लगदा. तरी घामाच्या पैशातले पाच-दहा रुपये देऊन लोक ती घेत आणि जपून ठेवत, कारण जिंकलेल्याच्या हातात दुसरं काहीच नसायचं.

कायद्याच्या लेखी तिची किंमत शून्य होती. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं ३०वं कलम सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा चालणार नाही. मुंबई इलाख्याने तर त्याच्याही आधी, १८६५ साली, कापसाचा आणि शेअर्सचा फुगा फुटला त्याच वर्षी, स्वतःचा कायदा करून पैजेला लागून येणारे करारसुद्धा रद्द ठरवले होते. म्हणजे बुकीने पैसे बुडवले तर दिवाणी कोर्टाचं दार बंद. आणि पोलीस ठाण्याचं? १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणारा जसा गुन्हेगार, तसा अड्ड्यावर खेळणाराही गुन्हेगार. फिर्याद द्यायला जाणाराच आधी आरोपी व्हायचा. मटक्याच्या इतिहासात खून आहेत, सिनेमे आहेत, करोडोंच्या उलाढालीच्या दंतकथा आहेत. मला मात्र त्या सगळ्यापेक्षा ही साधी गोष्ट महत्त्वाची वाटते : एवढ्या मोठ्या शहरात रोज लाखो लोक पैसे लावत होते आणि त्यांतल्या फसलेल्या एकालाही दाद मागायला जागा नव्हती.

ही परिस्थिती मटक्याने आणली नाही. ती त्याच्याही आधीची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पावसावर सट्टा चाले. ‘बरसात का सट्टा’ हे त्याचं बाजारातलं नाव आणि पायधुणी हा त्याचा अड्डा. पावसाळ्यात ठरलेल्या वेळात अमुक एवढा पाऊस पडेल की नाही, छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लागत. ढग दाटले की भाव बदलायचा, ऊन पडलं की पुन्हा बदलायचा. सरकारपुढे पेच आला तो निराळाच. १८८७चा कायदा डोळ्यांपुढे पत्ते, फासे, अड्डे ठेवून केलेला. आभाळातून पडणारं पाणी त्यात बसेना. म्हणून १८९० साली कायदा दुरुस्त करून पावसावरचा सट्टा त्यात घातला. या सगळ्या खटाटोपात प्रश्न एकच होता : याला गुन्हा कसा ठरवायचा? पन्हळीखालचं माप कोणी तपासतो का, पैसे कोणाकडे जमा असतात, हरलेल्याला हिशेब मिळतो का, असं कोणी विचारल्याचं दिसत नाही.

पुढे पावसाची जागा कापसाने घेतली. मुंबई म्हणजे कापसाचं शहर. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्सचेंजचा उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने मुंबईत यायचा, आणि त्या भावातल्या आकड्यांवर पैजा लागायच्या. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. या आकडेबाजीत एक गुण होता, आणि खेळणाऱ्यांना तो पुरेपूर कळत होता. भाव ठरायचा सात समुद्रापलीकडे. मुंबईतल्या कोणत्याही शेठजीचा हात तिथे पोचत नव्हता. आकडा खरा असण्याची हमी अंतराने दिलेली होती.

१९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येण्याची पद्धत बंद झाली आणि ती हमी गेली. खेळणारे होते, बुकी होते, पैसा होता, फक्त आकडा कुठून आणायचा हे ठरायचं होतं. कच्छमधल्या रताडिया गावातून आलेल्या आणि वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगतने १९६२ साली आपला ‘वरळी मटका’ सुरू केला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात टाकायच्या आणि एक काढायची. फाळणीनंतर कराचीहून आलेला रतन खत्री आधी त्याच्यासोबत होता. १९६४ साली त्याने स्वतःचा ‘न्यू वरळी मटका’ काढला. कल्याणजीचा आठवड्याचे सगळे दिवस, खत्रीचा ठरावीक दिवसच. मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर खत्रीचा आकडा निघायचा आणि टेलिफोनने गावोगाव पोचायचा.

पुढे मटका नावापुरता उरला. चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो ओपन. तीन, सहा आणि आठ निघाले तर बेरीज सतरा, ओपन सात. रात्री पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. नुसता आकडा लागला तर साधारण नऊ पट, जोडी लागली तर नव्वद पट मिळण्याचा प्रघात होता.

इथे दोन मिनिटं थांबून हिशेब करायला हवा, कारण तो त्या चिठ्ठीवर कधीच लिहिलेला नसायचा. आकडे दहा. प्रत्येकावर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि कोणताही आकडा आला तरी नऊच परत येतात. जोड्या शंभर, शंभर रुपये लावले तर नव्वद परत. म्हणजे खेळ अगदी प्रामाणिक असला तरीही दर दहातला एक रुपया वर जातो, रोज जातो. रोज खेळणाऱ्याचे पैसे या चाळणीतून गळतच राहतात, नशीब कितीही चांगलं असलं तरी. दहावी-बारावीच्या पोरालाही समजेल असं हे गणित, पण ते सांगण्याचं बंधन कोणावर नव्हतं.

आणि हे झालं प्रामाणिक खेळाचं. आकडा काढण्याआधी कोणत्या आकड्यावर किती पैसे लागलेत याचा हिशेब वरपर्यंत पोचलेला असतो. ज्यावर सगळ्यांत कमी पैसे तोच आकडा निघाला तर मालकाचा फायदा सगळ्यांत मोठा. न्यूयॉर्कचा भाव कोणाला वाकवता येत नव्हता, पण धनजी स्ट्रीटवरचे पत्ते माणसाच्या हातात होते. खत्रीची ख्याती अशी की त्याचा आकडा चोख असतो, पत्ते चारचौघांसमोर निघतात. जुने लोक आजही ते आदराने सांगतात. मी त्यावर अविश्वास दाखवत नाही. सचोटीचं नाव हेच त्याचं भांडवल होतं आणि ते त्याने सांभाळलं असणार. पण लाखो लोकांचा भरवसा एका माणसाच्या शब्दावर टांगलेला होता. तो माणूस आजारी पडला, तुरुंगात गेला, त्याची नियत फिरली, किंवा त्याच्या नावावर गल्लीतल्या बुकीने हात मारला, तर पुढे काय? वर आकडा चोख निघाला तरी खाली चिठ्ठी लिहिणारा मोठी रक्कम लागल्याच्या रात्री खोली रिकामी करून गावी निघून जाऊ शकत होता. मग ती दोन बोटं रुंद पट्टी कोणाला दाखवायची?

वरळीहून महालक्ष्मी हाकेच्या अंतरावर. तिथे १८८३पासून रेसकोर्स आहे. पैसा तिथेही लागत होता, आणि तो कायदेशीर होता. १९१२च्या मुंबई रेसकोर्स लायसेन्सिंग कायद्याने शर्यतींना सरकारी परवाना लागू लागला, १९२५ साली पैजांवर कर बसला. करार कायद्यानेसुद्धा घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याच्या पाचशे रुपयांच्या आणि त्यावरच्या बक्षिसासाठी काढलेल्या वर्गणीला मघाच्या तिसाव्या कलमातून वगळलेलं. रेसकोर्सवर टोटच्या खिडकीत पैसे भरले की छापील तिकीट मिळायचं. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात, ठरलेली कपात जाते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. कोणता घोडा जिंकला याच्याशी क्लबच्या नफ्याला देणंघेणं राहत नाही. वर स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतींवर देखरेख करणारे पंच, बसलेले. जॉकीने घोडा मुद्दाम आवरला अशी शंका आली तर चौकशी होते आणि जॉकीला घरी बसवता येतं. परवाना म्हणजे एवढंच. तो माणसाला जिंकून देत नाही, पण फसवणाऱ्याला नाव, पत्ता आणि गमावण्यासारखं काहीतरी देतो.

ही सोय त्या शहराने ज्यांच्याकडे गमावायला भरपूर होतं त्यांना दिली. पलीकडच्या चाळीतल्या कामगाराला दिला पोलिसांचा छापा. मला हा अन्याय वाटतो, आणि इतक्या वर्षांनीही वाटतो. घोड्यावर पैसे लावणारा सभ्य आणि आकड्यावर लावणारा गुन्हेगार, यामागे खेळातल्या कौशल्याचा युक्तिवाद पुढे कोर्टांनी मांडला आहे. तो मान्य केला तरी रेसकोर्सच्या कुंपणाआत फसवणुकीविरुद्ध जे उपाय होते ते कुंपणाबाहेर का नव्हते, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

मटका जन्मण्याच्या थोडं आधी याच मुंबईतून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पन्नासच्या दशकात शब्दकोड्यांचं वेड होतं. बंगळूरहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बक्षिसांची शब्दकोडी चालवायची, आणि मुंबई राज्यात त्यांचे खूप भिडू होते. फी भरायची, कोडं सोडवायचं, उत्तर संपादकांच्या आधीच ठरलेल्या उत्तराशी जुळलं तर बक्षीस. दोन-तीन शब्द सारखेच शोभत असतील तर कोणता धरायचा हे संपादक ठरवणार. मुंबई सरकारने १९४८च्या कायद्याखाली परवाना आणि कर मागितला, कंपनी कोर्टात गेली. एप्रिल १९५७ मध्ये सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला : जुगार हा व्यापार नाही, त्यामुळे व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळणार नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत आणि स्मृतींपर्यंतचे दाखले आहेत.

त्यात कौटिल्यही आहे, आणि तो बाकीच्यांपेक्षा वेगळा बोलतो. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने जुगार एका ठरलेल्या जागी आणायचा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड. फासे त्याने पुरवायचे, आणि ते कोणी बदलले तर पुन्हा बारा पण. लबाडी करून जिंकणाऱ्याची जिंकलेली रक्कम जप्त. जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच राजाला. राजाचा खजिना आहेच, पण खोट्या फाशांचा विचार करणारा, म्हणजे खेळणाऱ्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहणारा कोणीतरी तिथे आहे. आमच्या १८८७च्या कायद्याला ही दृष्टी नव्हती.

ही दृष्टी थोडीफार परत आली ती १९६९ साली. केरळने १९६७मध्ये सरकारी लॉटरी काढली होती. महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली, आणि मटका-जुगारापासून लोकांना परावृत्त करणं हा तिचा एक उघड हेतू होता. लॉटरीचं तिकीट हातात घेऊन मटक्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवावं. राज्याचं नाव, मालिका, क्रमांक, किंमत, सोडतीची तारीख, बक्षिसांची यादी, मागे बक्षीस मागण्याचे नियम. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाल. तिकीटविक्रेता गायब झाला तरी बक्षीस द्यायला सरकार जागेवर असतं. फलाटावर, एस.टी. स्टँडवर रंगीत तिकिटांच्या माळा लटकवून बसलेले विक्रेते आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या माळेतला प्रत्येक कागद कोर्टात उभा राहू शकत होता.

मटका यामुळे थांबला नाही. लॉटरीची सोडत काही दिवसांनी, मटक्याचे निकाल एका रात्रीत दोन. लॉटरीचं तिकीट ठरलेल्या किमतीचं, मटक्यावर चार आणेही लावता येत. शिवाय मटक्यात आकडा स्वतः निवडायचा. स्वप्नात साप दिसला म्हणून अमुक, पोरगी झाली म्हणून तमुक. हे सुख छापील क्रमांकात नव्हतं. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात गेला, बाहेर आला, धंदा पुन्हा उभा राहिला. १९७५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटातलं पात्र त्याच्यावर बेतलेलं होतं, असं तेव्हा सगळी मुंबई बोलायची.

आणि मग सरकारनेच चूक केली. एका राज्याने नव्हे, अनेकांनी. लॉटरीतून महसूल येतो हे कळल्यावर राज्याराज्यांच्या लॉटऱ्या खासगी एजंटांच्या हाती गेल्या, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात एकआकडी लॉटरी आली. शून्य ते नऊपैकी एक आकडा, दिवसातून अनेक सोडती. हा सरळसरळ मटकाच होता, फक्त वर राज्याचं नाव छापलेलं. रिक्षावाले, हमाल, हातगाडीवाले दिवसाची कमाई दुपारपर्यंत त्यात घालवू लागले. परवाना नुसता असून भागत नाही. त्याच्या अटी कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्यात हे पाहावं लागतं, आणि या अटी खजिन्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या होत्या.

१९९८चा लॉटरी नियमन कायदा या अनुभवातून आला. त्याचं चौथं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धनजी स्ट्रीट आठवला. आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एका आकड्यावर बक्षीस देता येणार नाही. तिकिटं राज्य सरकारनेच छापायची, त्यावर सरकारचं बोधचिन्ह हवं, म्हणजे खोटं तिकीट ओळखता येईल. विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा व्हायला हवा, एजंटाच्या खिशात नव्हे. सोडत राज्य सरकारनेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. न मागितलेलं बक्षीस सरकारजमा, आयोजकाला नाही. एका लॉटरीची आठवड्याला एकाहून जास्त सोडत नाही. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण यातली एकेक अट कोणत्या तरी गल्लीतल्या कोणत्या तरी फसवणुकीची आठवण ठेवून लिहिली आहे. पळालेला बुकी, खोटी पट्टी, बंद खोलीत निघालेला आकडा, रोजचा रोज रिकामा होणारा खिसा, सगळे तिथे आहेत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

तोवर गिरणगाव उरलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि बाराच्या भोंग्याबरोबर खत्रीचं गिऱ्हाईकही विखुरलं. १९९५च्या सुमारास पोलिसांनी अड्ड्यांवर मोठी मोहीम उघडली, बुकी मुंबईबाहेर गेले. कल्याणजीचा मुलगा सुरेश भगत धंदा चालवत होता. जून २००८ मध्ये अलिबाग-पेण रस्त्यावर त्याच्या गाडीवर ट्रक घालण्यात आला, तो आणि गाडीतले इतर ठार झाले. पुढे खुनाबद्दल ज्यांना शिक्षा झाली त्यांत त्याच्या घरातली माणसंही होती. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला कोर्ट नाही, त्यात मालकांच्या वारशाचा वादही कोर्टात सुटत नाही. रतन खत्री मे २०२० मध्ये मुंबईत वारला.

कायदा मात्र कागदावर चालतच राहिला. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवाना आणि कर लावणारा कायदा केला होता. तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं ना परवानगी, ना बंदी. शेजारच्या गोव्याने त्याच १९७६ सालच्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना वाट करून दिली. मांडवीतल्या त्या दिव्यांनी झगमगणाऱ्या बोटी पणजीच्या धक्क्यावरून दिसतात. तिथे एकवीस वर्षांखालच्याला प्रवेश नाही, आणि फेब्रुवारी २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना जुगाराच्या टेबलांवर मनाई आहे. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी अशी मनाई करणाऱ्या सरकारने, बाहेरून येणाऱ्यांत सावंतवाडी-कोल्हापूरचीही पोरं असतात, हे लक्षात घ्यायला हवं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. बंदीने काय साधतं हे मुंबईने १८८७पासून पाहिलंय. ‘कल्याण’ आणि ‘वरळी’ ही नावं अजून जिवंत आहेत, फोनच्या पडद्यावर. ओपन, क्लोज, जोडी, जुन्या निकालांचे तक्ते, सगळं तसंच. पैसे एका अनोळखी नंबरावर यूपीआयने जातात. कधी जिंकलेले परत येतात, कधी तो नंबर बंद लागतो आणि दुसऱ्या नंबरावरून नवा निरोप येतो. रात्री बाराला आकडा पडद्यावर उमटतो. हातात या वेळी ती दोन बोटं रुंद पट्टीही नसते.